आजच्या मापाची गाडी

६ जानेवारी

प्रिय मामा,

पत्रास कारण एकच आहे आणि त्याला दोन चाकं आहेत.

मला डर्ट बाइक घ्यायची आहे. तू चष्मा कपाळावर ढकलला असशील तर तो खाली घे आणि पुढे वाच. आमच्या शहराबाहेर दगडाची खाण होती ना, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. तिथे आता मोटरसायकलींसाठी मातीचं मैदान केलंय. चढ आहेत, वळणं आहेत, उड्या मारायचे उंचवटे आहेत. गेले पाच रविवार मी सायकल दामटत तिथे जाते आणि कठड्याला टेकून बघत बसते. एप्रिलमध्ये शिकाऊंची तुकडी सुरू होणार आहे. सोळा पूर्ण लागतात, ती मला फेब्रुवारीत होतील. गाडी स्वतःची लागते. आणि फॉर्मवर आईची किंवा बाबांची सही लागते. घोडं तिथे पेंड खातंय.

बाबांना विचारलं तर "आईला विचार" म्हणाले आणि वर्तमानपत्र वर धरलं. आईला विचारलं तर तिने दोरा दाताने तोडला, "नाही" म्हणाली आणि शिलाई मशीन सुरू केलं. कारण विचारलं तर मशीन आणखी जोरात चालवलं. आमच्या घरात भांडणसुद्धा धड होत नाही.

पैसे मी जमवलेत. दोन सुट्ट्या तिच्याच दुकानात बसून काजं-बटणं केली त्याचे. नव्या गाड्यांच्या दुकानात गेले तर तो माणूस म्हणाला, "एवढ्यात पुढचं चाक येईल, हवा तुझी तू भर." म्हणून जुनी घ्यायची. गल्लीच्या टोकाला जुन्या गाड्या विकणारा आहे, त्याच्याकडे एक लाल, दोनशेपन्नास सीसीची, थोडी मोठी आहे पण स्वस्तात देतोय. म्हणतो, "पोरी, एकदाच मोठी घे, दहा वर्षं बघायला नको." मला पटलं. सगळं जग असंच करतं. मुलांचे गणवेश वाढत्या अंगाचेच शिवतात. फक्त आमची आई गावातली एकमेव टेलर आहे जी वाढत्या अंगाचं शिवत नाही. "आज जे अंग आहे त्याचं शिवते, वाढलं की परत या," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. ते परत येत नाहीत, समोरच्या दुकानात जातात.

तुझं गॅरेज आहे आणि तू स्वतः या गाड्या चालवल्या आहेस, म्हणून तुला विचारते. तुझा पाय तेव्हाच अधू झाला एवढं मला माहीत आहे, बाकी कोणी सांगत नाही. पण त्याने मी मागे हटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी भाची


१५ जानेवारी

चि. पावशेर,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिलंस ते बरं केलंस. गॅरेजात फोनवर नुसता खडखडाट ऐकू येतो आणि माणूस ऐकल्यासारखं करून "हो हो" म्हणतो. कागदावर विचार करावा लागतो.

आधी तुझ्या लाल गाडीबद्दल. रंग विसर. रंगाने गाडी घेणारा माणूस माझ्याकडे दर महिन्याला येतो आणि मी त्याच्या जिवावर घरभाडं भरतो. दोनशेपन्नास सीसी ही शिकणाऱ्याची गाडी नाही. जरा मूठ पिळली की ती तुला मागे टाकून एकटीच निघून जाईल. तुला सव्वाशे सीसी, फोर स्ट्रोक, साधी, जुनी आणि थोडी कंटाळवाणी गाडी हवी. कंटाळवाणी गाडी माफ करते. चुकून क्लच सोडलास तर ती बंद पडते आणि तू लाजतेस, एवढंच होतं.

तुझ्याकडच्या पैशांतला तिसरा हिस्सा आत्ताच बाजूला काढ. तो हेल्मेट, बूट, गुडघ्याची ढाल आणि हातमोजे यांचा. तू म्हणशील, मग गाडीला उरलं काय? जेवढं उरलं तेवढ्याची गाडी. उलट करणारे लोक मी पाहिलेत. गाडी चकचकीत, पायात कॅनव्हासचे बूट.

गाडी बघायला जाशील तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे इंजिनावर हात ठेव. गार असलं पाहिजे. गरम लागलं तर तू यायच्या आधी त्याने चालू करून ठेवलं, म्हणजे ती गार असताना चालू होत नाही आणि ते त्याला ठाऊक आहे. मग मागचं चाक धरून आडवं हलव. खडखड वाजलं तर घरी ये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहा. पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक धर आणि जाईल तेवढं वर ओढ. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण कर आणि जमिनीपासून तिथपर्यंत मोज. सीट या मापापेक्षा तीन इंच उंच चालते, कारण माणूस बसला की गाडी दबते आणि दोन्ही पंजे टेकतात. तीन इंचांच्या वर गेलं की पाय लोंबकळतात. मैदानावर माणूस वेगात पडतो असं लोकांना वाटतं. शिकणारा पडतो तो उभ्या उभ्या.

ताईपासून लपवू नकोस. तू मला पत्र लिहिलंस हे तिला सांग. लपवाछपवी करून घेतलेली गाडी मी पसंत करून देणार नाही. माझ्या पायाचं सोड, ती जुनी गोष्ट आहे.

तुझा मामा


२७ जानेवारी

प्रिय मामा,

पावशेर हे नाव मला मान्य नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आहे.

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. लाल गाडीच्या इंजिनावर हात ठेवला. चटकाच बसला. विकणारा म्हणाला, "ऊन आहे ना." गाडी सावलीत होती. मी मागचं चाक हलवलं, तर तो म्हणाला, "तुला कोणी शिकवलं हे?" मी म्हणाले, मामाने. मग त्याने स्वतःहूनच किंमत उतरवली. मामा, ती अजूनही मला आवडते. इंजिन तू नीट करशीलच. तिची सीट सदतीस इंच आहे.

माझं माप भरलं बत्तीस इंच. म्हणजे पाच इंचांचाच फरक. आणि मी अजून वाढणार आहे. वर्षभरात दोन इंच तर सहज. मग झाले की नाही तुझे तीन?

आईला सांगितलं तुला लिहिल्याचं. त्या दुपारी तिने एका शर्टाच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. गेल्या सोळा वर्षांत मी तिला असं करताना पाहिलेलं नाही. ती तशीच दोन बाह्या हातात घेऊन बसली होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "बटणं लाव जा."

तिसरा हिस्सा बाजूला काढलाय. बूट बघून आले. एवढे जड आहेत की ते घालून मी पळूनही जाऊ शकणार नाही, हे आईला सांगायला हरकत नाही.

तुझी भाची, पाच फूट एक इंच


५ फेब्रुवारी

चि. पावशेर,

पाच फूट एक इंच म्हणजे एकसष्ट इंच. त्यातले बत्तीस नुसते पाय. मग धड, मान आणि डोकं उरलेल्या एकोणतीस इंचांत कसं बसवलंस? तू माझी भाची आहेस की कंपासपेटीतला कंपास?

पुन्हा मोज. अनवाणी म्हणजे अनवाणी. पायात काय होतं ते मला सांगू नकोस, पण होतं हे मला कळलं आहे. कसं कळलं तेही विचारू नकोस.

तुझ्यासाठी एक गाडी सापडली आहे. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीची. ती शिकली, मोठ्या गाडीवर गेली, आणि ही तीन वर्षं गोदामात उभी आहे. सव्वाशे सीसी. रंग पिवळा होता असं म्हणतात. टाकीला पोचा आहे, एक आरसाही नाही, पण मैदानावर आरसा लागत नाही. गार इंजिन दुसऱ्या किकला चालू झालं. चेन आणि दातेरी चक्रं बदलावी लागतील, ती मी बदलीन. सीट एकतीस इंच. किंमत तुझ्या दोन हिश्शांत बसते.

लालचं नाव काढायचं नाही. "पुढे वाढेन" या हिशेबाने गाडी घेत नाहीत. गाडीला तुझं पुढचं वर्ष दिसत नाही, तिला आजचा पाय दिसतो.

आता सोळा पुरी होतायत. वाढदिवसाला हातमोजे पाठवतो आहे.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

हातमोजे बरोबर बसले. आभार. आता भांडण.

बरोबर ओळखलंस. बाबांचे कामावरचे जाड तळाचे बूट घातले होते आणि आत टाचा उचलल्या होत्या. मला लाज वाटते. पण मला वाटलं होतं, माप कमी भरलं तर तू म्हणशील, अजून लहान आहेस, दोन वर्षं थांब. मला थांबायचं नाही.

काल मी आईसमोर फॉर्म ठेवला आणि म्हणाले, नाही म्हणायचं तर म्हण, पण कारण सांगितल्याशिवाय मी इथून उठणार नाही. सव्वा तास बसले. तिने दोन परकर शिवून संपवले. मग मशीनवरचा पाय काढला आणि सांगितलं.

तिने सांगितलं की ती एकोणीस वर्षांची होती, टेलरकडे शिकत होती, आणि तिच्या पहिल्या कमाईतून तिने तुला गाडी घेऊन दिली. तू पंधराचा. तुझं माप तिनेच घेतलं. दुकानात बत्तीस इंच सीटची गाडी होती आणि चौतीसची होती. तिने चौतीसची घेतली, कारण तुझं अंग वाढतं होतं आणि पुन्हा पैसे कुठून आणणार. तिसऱ्या दिवशी तू चढावर थांबलास, पाय टेकायला गेलास, पाय पोचला नाही, आणि गाडी तुला घेऊन दगडांवर आडवी झाली. "माझ्या दोन इंचांनी त्याचा पाय नेला," असं म्हणाली. म्हणून ती आजपर्यंत कोणाचंही वाढत्या अंगाचं शिवत नाही. एवढी गिऱ्हाइकं गेली ती त्यापायी. आणि मी सगळ्या गल्लीत तिची चेष्टा करत फिरले.

मामा, ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. आई मापाच्या जुन्या वह्या टाकत नाही. माळ्यावरून काढून मी तुझं पान शोधलं. तिचंच अक्षर आहे: आतून पाय, एकतीस इंच. एकतीस आणि चौतीस, फरक तीन. तुझ्याच नियमाने तुझे पंजे टेकायला हवे होते. मग पाय का पोचला नाही? मी आईला दाखवलं, तर म्हणाली, "मापच चुकलं असेल माझं." मामा, आईच्या हातून सुताचीही चूक होत नाही हे तुला माहीत आहे.

माझे बूट तुला एवढ्या लांबून कसे दिसले, ते आता विचारते. विचारू नकोस म्हणालास तरी विचारते. लपवाछपवी तुला पसंत नाही, असंही तूच लिहिलं होतंस.

तुझी भाची


६ मार्च

मामा,

उत्तर नाही. तू आजारी नाहीस हे मला माहीत आहे, आईने गॅरेजात फोन केला होता, तू कामात आहेस म्हणाले.

फॉर्मची मुदत पंचवीस मार्चपर्यंत आहे. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. गाडी यंदा नाही झाली तर पुढच्या वर्षी घेईन, तेव्हाही हाच हट्ट असेल. आई मात्र रोज ती वही उघडून बघते. एकतीसच्या आकड्यावर बोट ठेवून बसते. तिला तेवढं सांग.

भाची


११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा फाडलं तर पुन्हा लिहायचा नाही, म्हणून गॅरेज बंद करून बसलो आहे.

तुझं माप चुकलं नव्हतं. तू टेप लावलीस तिथपर्यंत एकतीसच होतं. पण मी जमिनीवर उभा नव्हतो.

तुला आठवत असेल, मी बाबांची जुनी पँट घातली होती. माझ्यासाठी वाढत्या अंगाची म्हणून ठेवलेली. तिचे पाय एवढे लांब होते की जमिनीवर घोळत होते, आतलं काही दिसत नव्हतं. मला भीती होती की माप कमी भरलं तर तू छोटी, पोरासोरांची गाडी घेशील. माझे मित्र मोठ्या गाड्यांवर होते. म्हणून तुझ्या मशीनच्या खणातून दोऱ्याची दोन रिकामी लाकडी रिळं काढली, टाचांखाली घेतली, आणि पंजे ताणून उभा राहिलो. तीन इंच. तू गुडघ्यावर बसून टेप धरली होतीस. एकदा म्हणालीससुद्धा, "किती वाढलास रे." मी हसलो होतो.

माझं खरं माप अठ्ठावीस होतं. ते सांगितलं असतं तर तू एकोणतीसची सोडून, दोन इंच वाढवूनही एकतीसचीच गाडी घेतली असतीस आणि माझे पंजे टेकले असते. दोन इंच तुझे, ते प्रेमाचे. तीन इंच माझे, ते चोरीचे. पाय माझ्या तीन इंचांनी गेला.

दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून म्हणालीस, "माझ्यामुळे झालं." तेव्हा मला दुखत होतं म्हणून मी बोललो नाही. आठवड्याने बोलायला हवं होतं, तेव्हा तू मला हाताने भरवत होतीस आणि कोणी रागावत नव्हतं. ते मला सोयीचं होतं. मग वर्ष गेलं. मग बावीस गेली. तू वाढत्या अंगाचं शिवत नाहीस हे मला ठाऊक होतं, पण तो तुझा विक्षिप्तपणा आहे अशी मीच माझी समजूत घालून घेतली. लंगडण्याची मला कधी लाज वाटली नाही, ताई. या गप्प बसण्याची वाटते. मी भ्याडपणा केला.

तुझ्या लेकीने मला खोटं माप पाठवलं, ते मी एका नजरेत ओळखलं, कारण तो डाव माझाच होता. फरक एवढाच की तिने विचारल्यावर कबूल केलं, सोळा पूर्ण होता होता. मला त्यासाठी सदतिसावं वर्ष उजाडावं लागलं.

तू सही करावीस असं मी म्हणत नाही. तुझी मुलगी आहे. पण नाही म्हणालीस तर दुसऱ्या कुठल्याही कारणाने म्हण. माझ्या पायाच्या कारणाने म्हणू नकोस. ते कारण खरं नव्हतं.

तुझा भाऊ


२१ मार्च

चि. भावास,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझ्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, दुसऱ्यांदा वाचून रडले, तिसऱ्यांदा वाचून कामाला लागले.

त्या महिन्यात खणात दोन रिळं कमी भरली होती. मी शिकत होते त्या दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्या पगारातून कापून घेतली. मी म्हटलं, उंदराने नेली. उंदीर पंधरा वर्षांचा आणि पँट घातलेला असेल हे माझ्या मनात आलं नाही.

तू मला बावीस वर्षं खोट्या मापावर उभं केलंस. गिऱ्हाइकं गेली त्याचं मला काही नाही. पण माझ्या हातावरचा माझा विश्वास गेला होता. रोज सकाळी कात्री उचलताना तो एकतीसचा आकडा समोर यायचा. प्रत्येक माप मी दोनदा घेते, माहीत आहे तुला? लोकांना वाटतं, बाई चोख आहे. बाई घाबरलेली होती. हे मी तुला लगेच माफ करणार नाही. यंदा तुझी दरवर्षीची पँट शिवलेली नाही. राग उतरला की शिवेन. तुझा डावा पाय पाऊण इंचच कमी आहे ना अजून, ते तेवढं कळवून ठेव. आणि खरं कळव.

आता पोरीचं. ती सव्वा तास माझ्यासमोर बसली होती, फॉर्म माझ्या पुढ्यात ठेवून. मी मनात म्हणत होते, ही उठेल, आत्ता उठेल. उठली नाही. अशी मुलगी माझ्या सहीशिवायही एक दिवस कुठल्यातरी गाडीवर बसणारच. मग ती माझ्या डोळ्यांसमोर, तुझ्या पसंतीच्या गाडीवर बसलेली बरी.

काल तिचं माप मी स्वतः घेतलं. अर्ध्या पँटवर उभी केली, भिंतीला पाठ लावून. टाचांखाली हात घालून बघितला. "आई, गुदगुल्या होतात," म्हणाली, तरी दोन्ही टाचांखाली बघितला. अठ्ठावीस इंच भरलं. तुझं खरं होतं तेच. वहीत तुझ्या पानावर एकतीस खोडून अठ्ठावीस लिहिलं आणि त्याच्या खाली तिचं लिहिलं.

फॉर्मवर सही केली आहे. तिने तो हिसकावून घेतला आणि कुठेतरी लपवला, माझा विचार बदलेल म्हणून. बूट आधी घेणार, गाडी नंतर येईल. पिवळी असो नाहीतर गंजकी, एकतीसचीच आण, अर्धा इंचही जास्त नको. आणताना तू स्वतः ये. पहिल्या दिवशी मैदानावर तिच्या बाजूला तू उभा राहशील, मी कठड्याशी राहीन.

चालवायची पँट मी शिवली आहे, जाड कापडाची, गुडघ्याला दुहेरी. खाली तीन इंच कापड आत दुमडून ठेवलंय. अंग वाढतंय तिचं.

तुझी ताई